दुसरा आला त्याचं काय झालं? लॅरी डोबीबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी जॅकी रॉबिन्सनबद्दल लिहिलं होतं, १५ एप्रिल १९४७ ला ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरून त्याने अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलचं, काळ्या खेळाडूंसाठी बंद असलेलं दार कसं उघडलं ते. शेवटी सहज एक वाक्य टाकलं होतं की ११ आठवड्यांनी त्याच्या मागोमाग लॅरी डोबी आला, त्याच्याबद्दल पुन्हा कधीतरी. त्या एका वाक्यावर एवढे प्रश्न आलेत की हा अख्खा महिना डोबीलाच देतोय. आणि खरं सांगायचं तर मला हेच हवं होतं, कारण या माणसाबद्दल आपल्याकडे कुणी बोलतच नाही.

प्रश्न : पहिल्याने सगळं सोसलं हे समजलं. पण दुसऱ्याला तर वाट तयारच मिळाली ना? मग त्याचं एवढं काय कौतुक? (एक विद्यार्थी, नागपूर)

हाच समज सगळ्यांचा असतो म्हणून आधी तुझंच पत्र घेतलं. हे बघ, तेव्हाची मेजर लीग म्हणजे खरं तर दोन लीग, नॅशनल आणि अमेरिकन, दोन्हीकडे ८-८ टीम, आणि सीझनभर या लीगमधली टीम त्या लीगमधल्या टीमशी खेळायचीच नाही, ऑक्टोबरमधे दोघांचे विजेते वर्ल्ड सिरीजला समोरासमोर यायचे आणि मधे दोन्हीकडच्या निवडक खेळाडूंचा एक ऑल-स्टार सामना व्हायचा तेवढंच. रॉबिन्सन नॅशनलमधे आणि डोबी क्लीव्हलंड इंडियन्सकडून अमेरिकनमधे. म्हणजे रॉबिन्सन ज्या टीमच्या शिव्या खात होता त्यांच्याशी डोबीची गाठच नाही, आणि डोबी जिथे जाई तिथे लोक अमेरिकन लीगच्या सामन्यात काळा खेळाडू पहिल्यांदाच बघत असत. डेट्रॉइट बघ, न्यूयॉर्क यांकीज बघ, बोस्टन रेड सॉक्स बघ. यांकीजने स्वतःच्या टीममधे पहिला काळा खेळाडू घेतला १९५५ ला, डेट्रॉइटने १९५८ ला आणि रेड सॉक्सने तर १९५९ ला, आणि डोबीचं मेजर लीगमधलं शेवटचं वर्षसुद्धा १९५९च! म्हणजे त्याचं अख्खं करिअर झालं तेव्हा कुठे ही लीग पूर्ण उघडली. मग वाट तयार होती कुठे?

दुसरी गोष्ट तयारीची. रॉबिन्सनला डॉजर्सचे प्रमुख ब्रँच रिकीने १९४५ मधे समोर बसवून तासन्‌तास समजावलं, मग १९४६ चं पूर्ण वर्ष माँट्रियलला खालच्या लीगमधे खेळवलं आणि मग वर आणलं. डोबीला काय मिळालं? १९४७ च्या ४ जुलैला तो नेवार्कच्या, काळ्या खेळाडूंच्या टीमकडून खेळला, तिथल्या शेवटच्या बॅटिंगला होम रन मारला, म्हणजे आपला सिक्सर समजा, रात्रीची ट्रेन पकडली आणि ५ जुलैला शिकागोत मेजर लीगच्या मैदानावर उभा. एका दिवसात. वय २३.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलाच्या बेसबॉलमुळे पॅटरसनला जाणं होतं, तिथे हिंचलिफ स्टेडियम बघताना डोबीचं नाव कानावर आलं. तो मूळचा तिथलाच का? (एक आई, न्यू जर्सी)

ताई, जन्माने नाही, पण मनाने पूर्ण पॅटरसनचाच. जन्म साउथ कॅरोलायनातल्या कॅमडेनचा, १३ डिसेंबर १९२३. वडील घोड्यांची निगा राखायचे आणि बेसबॉल बरं खेळायचे, पण लॅरी लहान असतानाच ते गेले. आई कामासाठी उत्तरेत पॅटरसनला आलेली, पोरगा नंतर तिच्याकडे आला आणि ईस्टसाइड हायस्कूलला गेला. तिथे बेसबॉल, बास्केटबॉल, फुटबॉल, धावणं, कुठलाच खेळ त्याने सोडला नाही.

शाळेतली एक गोष्ट तुमच्या मुलाला नक्की सांगा. शाळेच्या फुटबॉल टीमला फ्लोरिडात खेळायचं बोलावणं आलं, पण अट अशी की टीममधला एकुलता एक काळा मुलगा, म्हणजे लॅरी, खेळणार नाही. मुलांनी मत घेतलं आणि ठरवलं की आपण जायचंच नाही. शाळकरी पोरं हो! फ्लोरिडाची ट्रिप सोडून दिली. मोठी माणसं नंतर जे वागली ते वाचताना मला ही पोरं सारखी आठवतात.

ज्या हिंचलिफ स्टेडियमबद्दल तुम्ही लिहिलंय ते १९३२ चं, काळ्या खेळाडूंच्या निग्रो लीगच्या मॅचेस तिथे व्हायच्या, डोबी शाळेकडून तिथेच खेळला आणि नेवार्क ईगल्सने त्याची ट्रायलही तिथेच घेतली. कित्येक वर्षं ते पडीक होतं, २०२३ ला दुरुस्त करून पुन्हा उघडलं. पॅटरसनमधेच ईस्टसाइड पार्कमधे त्याच्या नावाचं मैदान आणि पुतळाही आहे, पुढच्या वेळी पोराला तिथे नक्की न्या.

१९४२ ला तो ईगल्सकडून खेळायला लागला ते ‘लॅरी वॉकर’ असं खोटं नाव लावून, कारण कॉलेजमधे खेळायचं तर पैसे घेऊन खेळल्याचं कळून चालणार नव्हतं. मग युद्ध आलं, नेव्हीत भरती झाला, आणि तिथे त्याला काळ्यांच्या वेगळ्या तुकडीत टाकलं. पॅटरसनच्या मिश्र शाळेत वाढलेल्या मुलाला हा धक्काच होता. रॉबिन्सनला डॉजर्सवाल्यांनी घेतल्याची बातमी त्याने ऐकली ती पॅसिफिकमधल्या उलिथी नावाच्या बेटावर, तोवर त्याच्या डोक्यात शाळेत कोच व्हायचं होतं.

प्रश्न : पहिल्याच दिवशी टीममधल्या लोकांनी हात मिळवला नाही म्हणे, खरं का? आणि एक मेसेज फिरतोय की डोबी आउट झाला म्हणून जो गॉर्डन नावाचा खेळाडू मुद्दाम आउट होऊन त्याच्या शेजारी जाऊन बसला, तेही खरं का? (एक वाचक, कोल्हापूर)

पहिलं खरं, दुसरं नाही. दोन्ही नीट सांगतो.

५ जुलै १९४७, शनिवार, शिकागोचं कॉमिस्की पार्क. मॅनेजर, म्हणजे टीमचा मुख्य कोच, लू बूड्रो, जो स्वतःच सेकंड आणि थर्ड बेसच्या मधे, शॉर्टस्टॉपला खेळायचा, डोबीला घेऊन ड्रेसिंग रूममधे आला आणि एकेका खेळाडूसमोर नेऊन ओळख करून द्यायला लागला. डोबी हात पुढे करत चाललाय, काहींनी हात मिळवला तोही कसातरी, ढिला, काहींनी हात पुढेच केला नाही, कुणी पाठ फिरवली. आपण नव्या ऑफिसात पहिल्या दिवशी गेलो आणि समोरच्याने नुसता नमस्कार घेतला नाही तरी आठवडाभर मनात सलतं. इथे ओळीने उभे असलेले आपलेच टीममेट, आणि थोड्या वेळाने यांच्याबरोबरच मैदानात उतरायचंय.

मग बाहेर वॉर्मअपला सगळे जोड्या जोड्या करून बॉल टाकतायत आणि डोबी अंगात नवा १४ नंबरचा युनिफॉर्म घालून एकटाच उभा, कुणी त्याच्याकडे बॉल टाकेना. तेव्हा जो गॉर्डन पुढे आला, चल माझ्याबरोबर, म्हणाला आणि दोघं बॉल टाकायला लागले. आता लक्षात घ्या, गॉर्डन सेकंड बेसमन, म्हणजे दुसऱ्या बेसजवळ फिल्डिंग करणारा, आणि डोबीची खरी जागासुद्धा सेकंड बेसच, म्हणजे ज्याची जागा जाऊ शकते तोच माणूस पहिला पुढे आला. मला तरी हे त्या मेसेजमधल्या गोष्टीपेक्षा मोठं वाटतं.

तर तो मेसेज. सातव्या इनिंगला डोबीला पिंच हिटर म्हणून पाठवलं, पिंच हिटर म्हणजे दुसऱ्याच्या जागी ऐनवेळी बॅटिंगला पाठवलेला खेळाडू, आणि तो स्ट्राइकआऊट झाला, म्हणजे बॉलला नीट बॅट न लागताच आउट. गोष्टीत असं की पुढच्या नंबरला गॉर्डन आला आणि मुद्दाम बॅट हवेत फिरवून आउट झाला. पण मॅचची नोंद आहे ना, डोबी बॅटिंग करत होता तेव्हा गॉर्डन थर्ड बेसवर, म्हणजे रन पुरा करायच्या वाटेवर, उभा होता, त्यामुळे त्याच्यानंतर बॅटिंगला येणं शक्यच नव्हतं. क्लीव्हलंडचे मालक बिल व्हेक हे रंगवून सांगायचे आणि त्यातून ते पसरलं. गॉर्डन चांगलाच माणूस होता, त्याला खोट्या गोष्टीची गरज नाही, तेव्हा कृपा करून तो मेसेज पुढे ढकलू नका.

दुसऱ्या दिवशी बूड्रोने त्याला फर्स्ट बेसला लावला. फर्स्ट बेसचा ग्लव्ह वेगळा असतो, मोठा, त्याला मिट म्हणतात, आणि डोबीकडे तो नव्हता. टीमच्या नेहमीच्या फर्स्ट बेसमनने आधी द्यायला नकार दिला, मग मधे माणूस घालावा लागला तेव्हा मिट मिळाला. उसन्या मिटने खेळला, एक रन काढून देणारा हिटही, म्हणजे बेसवर सुखरूप पोचवणारा फटका, मारला, आणि त्यानंतर उरलेल्या सीझनमधे एकदाही त्याला सुरुवातीच्या नऊ जणांत घेतलं नाही. वर्षअखेर हिशेब काय तर २९ मॅचेस, ३२ वेळा बॅटिंग, ५ हिट. तिकडे रॉबिन्सन रोज खेळत होता, पडला तरी दुसऱ्या दिवशी उठून खेळत होता, आणि डोबी मात्र बाकावर बसून शेजारी कुणी बोलतंय का याची वाट बघत होता. दोघांचं फोनवर बोलणं व्हायचं म्हणतात, आणि ते मला पटतं, कारण दुसरं बोलणार तरी कोणाशी?

प्रश्न : निग्रो लीगच्या टीमना आपले खेळाडू गेले त्याचे पैसे मिळाले का? (एक वाचक, सोलापूर)

फार चांगला प्रश्न. रॉबिन्सनच्या वेळी त्याच्या निग्रो लीगमधल्या टीमला, कॅन्सस सिटी मोनार्क्सला, एक छदामही मिळाला नाही, रिकीने त्यांच्या टीमला मोजलंच नाही. डोबीच्या वेळी मात्र समोर एफा मॅनली होत्या. या बाई नवऱ्याबरोबर नेवार्क ईगल्स चालवायच्या, हिशेब, करार, प्रवास, सगळं बघायच्या, आणि १९४६ ला त्यांच्या टीमने निग्रो लीगची वर्ल्ड सिरीज जिंकली होती, डोबी त्यातला हिरो. व्हेकनी विचारणा केली तेव्हा बाईंनी किंमत मागितली आणि व्हेकनी १०,००० डॉलर आणि डोबी ३० दिवस टिकला तर आणखी ५,००० असे दिले. गोऱ्या खेळाडूला याच्या कितीतरी पट मोजले असते हे बाईंनाही माहीत होतं आणि त्यांनी ते बोलूनही दाखवलं. पण पैसे दिले तर खरे, त्याने एवढं झालं की या टीमचे करार हे करार असतात हे निदान एका मालकाने मान्य केलं.

टीम मात्र वाचली नाही. प्रेक्षक रॉबिन्सन आणि डोबीला बघायला निघून गेले, १९४८ नंतर मॅनली दांपत्याने ईगल्स विकून टाकली. एफा मॅनली २००६ ला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममधे, म्हणजे खेळातल्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत, गेल्या, तिथे असलेल्या त्या एकमेव बाई.

प्रश्न : एवढं होऊनही तो चिडला कसा नाही? (एक शिक्षिका, सातारा)

चिडला नाही असं नाही हो ताई, चिडायची परवानगी नव्हती. व्हेकनी आधीच बजावलं होतं, अंपायरशी वाद नाही, समोरच्याला उलट उत्तर नाही, मारामारी तर नाहीच, कारण एका डोबीचं काही झालं तर मागच्या दहा जणांचं दार बंद होईल. एकदा तो सेकंड बेसवर घसरत पोचला तेव्हा समोरच्या टीमच्या खेळाडूने त्याच्या तोंडावर तंबाखूची पिंक टाकली. म्हातारपणीही तो हे सांगायचा. उठला, तोंड पुसलं, पुढे खेळला.

आणि मैदानाबाहेरचं तर रोजचंच. क्लीव्हलंडचा सीझनआधीचा सराव ॲरिझोनातल्या टुसॉनला असायचा, टीम उतरायची ते हॉटेल त्याला घेत नसे, मग पुढची कितीतरी वर्षं तो गावातल्या एका काळ्या कुटुंबाच्या घरी राहिला. सकाळी टीमबरोबर, संध्याकाळी एकटा. लग्न १९४६ मधे झालेलं, बायको हेलिन त्याची शाळेपासूनची मैत्रीण, ती बरोबर असली की तिलाही हेच. हे मॅच संपल्यावरचं संध्याकाळचं एकटेपण मला तंबाखूच्या पिंकेपेक्षा जास्त लागतं, कारण ते कुठल्याच स्कोअरकार्डात येत नाही.

एकदा मात्र बांध फुटला. जून १९५७, तेव्हा तो शिकागो व्हाइट सॉक्सकडे होता, यांकीजचा पिचर, म्हणजे बॉलर, आर्ट डिटमार याने बॉल थेट डोक्याच्या रोखाने टाकला, डोबी खाली पडला, बोलाचाली झाली आणि डोबीने त्याला डाव्या हाताचा असा एक ठोसा ठेवून दिला की पिचर आडवा. १० वर्षं लागली त्याला तो ठोसा मारायला.

प्रश्न : खेळाडू म्हणून नेमका किती मोठा? नुसता इतिहासातला नंबर आहे की खरंच भारी होता? (एक क्रिकेटप्रेमी, ठाणे)

खरंच भारी. १९४८ ला त्याला आउटफिल्डमधे हलवलं, म्हणजे आपल्या बाउंड्रीजवळच्या फिल्डिंगसारखं समजा, आणि सेंटर फिल्ड ही त्यातली सगळ्यात अवघड, सगळ्यात जास्त धावायची जागा. उभ्या आयुष्यात कधी न खेळलेली जागा त्याने काही महिन्यांत शिकली आणि त्या वर्षी .३०१ ने बॅटिंग केली, म्हणजे १० पैकी ३ वेळा हिट, बेसबॉलमधे हे उत्तम मानतात. १९४९ ते १९५५ सलग ७ वर्षं ऑल-स्टार. १९५२ आणि १९५४ ला अमेरिकन लीगमधे सगळ्यात जास्त होम रन त्याचे, दोन्ही वेळा ३२. १९५४ ला क्लीव्हलंडने १११ मॅचेस जिंकल्या, त्याने १२६ रन काढून दिले आणि लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात तो दुसरा आला, योगी बेराच्या मागे. अमेरिकन लीगमधले एकूण होम रन २५३. आणि हो, १९६२ ला जपानमधे चुनिची ड्रॅगन्सकडूनही खेळून आला.

प्रश्न : डोबीचा एक गोऱ्या खेळाडूबरोबरचा फोटो फार गाजला म्हणतात, तो कुठला? (एक वाचक, रत्नागिरी)

९ ऑक्टोबर १९४८. क्लीव्हलंडचं म्युनिसिपल स्टेडियम, प्रेक्षक ८१,८९७, वर्ल्ड सिरीजची चौथी मॅच बोस्टन ब्रेव्ह्जशी. डोबीने जॉनी सेनला होम रन मारला, ४०० फुटांच्या वर, वर्ल्ड सिरीजमधे काळ्या खेळाडूने मारलेला हा पहिला होम रन, आणि क्लीव्हलंड जिंकलं २-१ ने, म्हणजे फरक त्या होम रनचाच. पिचर होता स्टीव्ह ग्रोमेक, पोलिश घरातला, पूर्ण मॅच त्याने एकट्याने टाकली. मॅच संपल्यावर ड्रेसिंग रूममधे ग्रोमेकने डोबीला मिठी मारली आणि फोटोग्राफरने क्लिक केलं.

फोटो मिळाला तर नीट बघा. गालाला गाल चिकटलेला, दोघांचे डोळे हसून बारीक झालेले, ग्रोमेकचा हात डोबीच्या मानेभोवती घट्ट. पोज दिलेली नाहीये, दोघं नुसते खूश आहेत. आणि हे त्याच टीमच्या ड्रेसिंग रूममधलं, जिथे १५ महिन्यांपूर्वी काही हात पुढेच आले नव्हते. १९४८ सालच्या अमेरिकेतल्या पेपरांत गोऱ्या आणि काळ्या माणसाचा असा फोटो देशभर छापून आला. डोबी पुढे आयुष्यभर या फोटोबद्दल बोलत राहिला, होम रनबद्दल कमी आणि या मिठीबद्दल जास्त.

प्रश्न : कायम दुसराच म्हणून ओळखला गेला, त्याला मान कधी मिळाला का? (एक वाचक, पुणे)

उशिरा मिळाला, फारच उशिरा. आणि योगायोग बघा, मॅनेजर म्हणूनही तो दुसराच ठरला. मेजर लीगचा पहिला काळा मॅनेजर १९७५ ला फ्रँक रॉबिन्सन, तोही क्लीव्हलंडलाच, जिथे १९७४ ला डोबी स्वतः कोच होता आणि त्याला ती जागा मिळेल असं खूप जणांना वाटत होतं. त्याला संधी मिळाली १९७८ ला शिकागो व्हाइट सॉक्सकडे, देणारे पुन्हा बिल व्हेकच, पण सीझन अर्धा झाल्यावर, टीम हरत असताना, ८७ मॅचेस झाल्या आणि संपलं. दोन्ही वेळा पुढे एक रॉबिन्सन आणि मागे हा, याचं मला फार वाईट वाटतं.

रॉबिन्सन १९६२ ला हॉल ऑफ फेममधे गेला. डोबीला तिथे जायला १९९८ उजाडलं, वय ७४. त्याच्या आधी १९९४ ला क्लीव्हलंडने त्याचा १४ नंबर कायमचा राखून ठेवला, आणि ८ जुलै १९९७ ला ऑल-स्टार मॅच क्लीव्हलंडला होती तेव्हा पहिला बॉल टाकायचा मान त्याला दिला, त्याच्या पदार्पणाला ५० वर्षं आणि वर ३ दिवस झाले होते. त्या वर्षी सगळीकडे रॉबिन्सनच्या ५० वर्षांचा उत्सव चालू होता, प्रत्येक टीमने रॉबिन्सनचा ४२ नंबर बाजूला काढून ठेवला होता, आणि त्या गर्दीत एक संध्याकाळ याची झाली.

२००१ ला हेलिन गेली, १८ जून २००३ ला न्यू जर्सीतल्या माँटक्लेअरला तो गेला. अमेरिकेच्या संसदेने काँग्रेशनल गोल्ड मेडल जाहीर केलं त्याचा कायदा २०१८ चा, आणि ते मेडल त्याच्या मुलाच्या हातात पडलं १३ डिसेंबर २०२३ ला. त्यावर ग्रोमेकची ती मिठी कोरलेली आहे. डोबी असता तर त्या दिवशी १०० वर्षांचा झाला असता.